अनुभव धागा : ‘आपोआप लॉगआउट झाले’ या तक्रारीचे मूळ तुम्हाला कसे सापडले?

वेब ॲप्लिकेशनच्या देखभालीत सर्वाधिक वेळा येणारी आणि सर्वांत कमी माहिती घेऊन येणारी तक्रार म्हणजे ‘मला मध्येच बाहेर काढले’. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना, आधीच्या विनंतीची आठवण नसते. ती आठवण ब्राउझरमधील कुकी (सर्व्हरने दिलेली ओळखीची खूण) आणि सर्व्हरवरील सेशनची, म्हणजे त्या लॉगिनची, नोंद या दोघांनी मिळून सांभाळायची असते. त्यामुळे कुकी सर्व्हरपर्यंत पोहोचली नाही, की पोहोचली पण तिच्या जोडीची नोंद तिथे उरली नव्हती, हे आधी ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी मात्र सर्व्हर रीस्टार्ट केला जातो, तक्रार थांबते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून विनंती अशी, की आपण स्वतः सोडवलेली एखादी अडचण इथे लिहावी आणि काय बदलले यापेक्षा कारण कशावरून ओळखले, यावर भर द्यावा. संस्थांची नावे लिहू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. एका पतसंस्थेच्या सर्व शाखांमधील कर्मचारी अधूनमधून एकाच क्षणी लॉगआउट होत. सेशनची मुदत २० मिनिटांची होती, पण काउंटरवरचा कॅशियर सतत व्हाउचर भरत असल्याने मुदत संपण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोन आठवडे नेटवर्क आणि फायरवॉल तपासण्यात घालवले. अखेर मुख्य शाखेतील एका ताईंनी आपली डायरी पुढे केली. तिच्यात लॉगआउट झाल्याच्या तीन वेळा नोंदवलेल्या होत्या : सोमवारी सकाळी १०.१०, मंगळवारी दुपारी ३.१० आणि त्यानंतर थेट पुढच्या सोमवारी दुपारी ४.१०. पहिल्या दोन वेळांत २९ तासांचे अंतर होते आणि पुढच्या दोन वेळांत १४५ तासांचे, म्हणजे बरोबर २९ च्या पाचपट. मधले चार प्रसंग कचेरी बंद असताना घडून गेले होते. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये ॲप्लिकेशन पूल (ॲप्लिकेशन चालवणारी प्रक्रिया) ठरावीक काळाने नव्याने सुरू होतो आणि त्याची मूळ मुदत १७४० मिनिटे, म्हणजेच २९ तास असते. आमची सेशन त्याच प्रक्रियेच्या मेमरीत राहत असल्याने तिच्याबरोबर पुसली जात होती. रात्रीही मोबाइल ॲपच्या विनंत्या येत असल्याने पूल कधी निष्क्रिय होत नव्हता, म्हणून २९ तासांचे चक्र अखंड चालू राहिले. विंडोजच्या सिस्टीम लॉगमध्ये या नोंदी पहिल्या दिवसापासून होत्या. नेमक्या कोणत्या वेळेच्या नोंदी पाहायच्या हे माहीत नसल्याने आम्ही त्या शोधल्याच नव्हत्या. पुढे सेशन डेटाबेसमध्ये हलवली आणि पूल नव्याने सुरू होण्याची वेळ पहाटे ३ ची ठरवून दिली.

पुण्याहून, शैक्षणिक संस्थेच्या शुल्कभरणा प्रणालीचे काम पाहणारे सदस्य

२०२० च्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडे विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागले, की बँकेतून पैसे कापले गेले, पण परत आल्यावर लॉगिनचे पान दिसले आणि पावती मिळाली नाही. ज्या पालकांनी पोटाला चिमटा काढून शुल्क भरले आहे, त्यांना ‘थांबा, पाहतो’ असे सांगणे फार जड जाते.

आमच्या चाचणीत व्यवहार प्रत्येक वेळी यशस्वी होत होता. विद्यार्थ्यांपैकीही काहींचा होत होता आणि काहींचा नाही, त्यामुळे आम्ही गोंधळलो. मग यशस्वी आणि अयशस्वी व्यवहारांच्या दोन याद्या केल्या आणि प्रत्येकापुढे लॉगिनपासून परत येईपर्यंत लागलेला वेळ लिहिला. क्रोम वापरणाऱ्यांत दोन मिनिटांच्या आत परतलेले सगळे पार पडले होते आणि ओटीपीची वाट पाहत थांबलेले अडकले होते. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना त्रासच नव्हता.

क्रोमने २०२० च्या फेब्रुवारीत, आवृत्ती ८० पासून, सेमसाइट (दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची का, हे सांगणारी सूचना) न लिहिलेल्या कुकीला ‘लॅक्स’, म्हणजे अंशतः बंधन असलेली, मानायला सुरुवात केली. करोनाच्या साथीमुळे एप्रिलमध्ये हा बदल थांबवून जुलैत तो पुन्हा लागू केला गेला. पेमेंट गेटवेकडून ग्राहक पोस्ट विनंतीने (माहिती सोबत पाठवणारी विनंती) परत येतो आणि अशा विनंतीबरोबर लॅक्स कुकी पाठवली जात नाही. मात्र जुन्या संकेतस्थळांची सोय म्हणून, कुकी दोन मिनिटांहून ताजी असेल तर क्रोम ती जाऊ देत होता. आमचे चाचणीचे कार्ड ओटीपी मागत नसल्याने आम्ही नेहमीच त्या सवलतीत बसत होतो.

याहून गंभीर चूक आमच्या कोडमध्ये होती. कुकीविना आलेली विनंती पाहून आमचा सर्व्हर नवे, रिकामे सेशन तयार करत असे आणि त्याची कुकी जुन्या कुकीवर बसत असे. म्हणून विद्यार्थी मुख्य पानावर गेला तरी लॉगआउटच राहत असे. आता परतीचे पान सेशनला हातच लावत नाही. ते गेटवेची डिजिटल सही आणि व्यवहार क्रमांक पडताळून पावती डेटाबेसमध्ये नोंदवते आणि मग ब्राउझरला आमच्याच दुसऱ्या पानाकडे गेट विनंतीने (फक्त पान मागणारी विनंती) वळवते, जिथे जुनी कुकी व्यवस्थित येते. सेमसाइट ‘नन’, म्हणजे बंधनच नाही, असे करणे सोपे होते, पण त्यासाठी कुकीचे संरक्षण सैल करणे मला पटले नाही.

मेलबर्नहून

माझा अनुभव छोटा आहे. फ्लास्कमधील (पायथनची वेब चौकट) ॲप्लिकेशन गुनिकॉर्न या सर्व्हरच्या चार वर्करवर (समांतर चालणाऱ्या प्रक्रिया) चालत होते. लॉगिन केल्यावर पान ताजे करावे, तर कधी नाव दिसे, कधी दिसत नसे. मी पन्नास वेळा पान ताजे करून मोजले आणि साधारण चारात एकदाच नाव दिसत होते. चार हा आकडा पाहताच वर्कर आठवले. कुकीवर सही करण्याची गुप्त किल्ली कोडमध्येच यादृच्छिक तयार केली जात होती, त्यामुळे प्रत्येक वर्करची किल्ली वेगळी होती आणि एकाने सही केलेली कुकी दुसरा नाकारत होता. किल्ली एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे कोडबाहेरून सर्वांना एकच, दिल्यावर प्रश्न मिटला.

कोल्हापूरहून

आमच्याकडे एका सकाळी कोणालाच लॉगिन होईना. पासवर्ड स्वीकारला जाई आणि पुन्हा तेच पान येई. लॉगमध्ये डिस्कवर जागा नसल्याचा संदेश होता, पण ‘डीएफ’ आज्ञा निम्मी डिस्क मोकळी दाखवत होती. तासाभराने एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तीच आज्ञा ‘आय’ पर्यायासह चालवली आणि आयनोड (प्रत्येक फायलीमागे एक लागणारी नोंद) १०० टक्के भरलेले दिसले. सेशनच्या फोल्डरमध्ये लाखो रिकाम्या फायली होत्या. लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारी यंत्रणा) दर ५ सेकंदांनी सर्व्हर जिवंत आहे का ते पाहत होता, त्याच्याकडे कुकी नसल्याने प्रत्येक वेळी नवे सेशन तयार होत होते, म्हणजे दिवसाला १७,२८० फायली. डेबियन लिनक्समध्ये पीएचपी भाषेची स्वतःची जुनी सेशन काढण्याची सफाई बंद असते आणि ते काम क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारी व्यवस्था, करते. पण आम्ही फोल्डर कोडमधून बदलला होता, आणि क्रॉनला तो ठाऊकच नव्हता. आता तपासणीचे पान सेशन सुरूच करत नाही.

ठाण्याहून

वरील सर्व अनुभवांत माणूस बाहेर फेकला गेला; आमच्याकडे तो दुसऱ्याच्या घरात शिरला. एका ग्राहक महिलेने फोन करून सांगितले, की पानावर तिच्याऐवजी अनोळखी माणसाचे नाव आणि पत्ता दिसत आहे. मी सेवा त्याच मिनिटाला बंद करायला लावली आणि आजही तो निर्णय मला योग्य वाटतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सेट-कुकी हेडर (ब्राउझरला कुकी देणारी ओळ) असलेले उत्तर मुळात साठवून ठेवत नाही. पाने जलद यावीत म्हणून आमच्याकडे कोणीतरी तो हेडर दुर्लक्षित करण्याची ओळ घातली होती, त्यामुळे लॉगिननंतरचे पहिले पान कुकीसकट साठवले जाऊन पुढच्या माणसाला मिळत होते. ती ओळ काढून साठा रिकामा केला, तरी बाहेर गेलेल्या कुकी चालूच होत्या. म्हणून सर्व सेशन रद्द केली. मग हा प्रकार चालू होता त्या चार तासांच्या लॉगमधून, एकच सेशन क्रमांक दोन वेगळ्या ब्राउझरांकडून आलेला कुठे दिसतो, ते शोधले. असे ११ ग्राहक सापडले. त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करून काय घडले ते सांगितले.