‘शॉर्ट झालंय’ म्हणजे नेमकं काय?

मोटर नुसती बंद पडली तरी ‘शॉर्ट झाली’ म्हणतात, आणि बोर्डातून धूर आला तरी ‘शॉर्ट झालं’च. वायरमन मंडळींच्या बोलण्यात या शब्दाचा खरा अर्थ कोणता? ‘अर्थिंग’ आणि ‘डीपी’ यांचंही तसंच वाटतं.

– वायरिंगचं काम करतो म्हणून सांगतो. घरोघरी ‘शॉर्ट’ म्हणजे कुठलाही बिघाड. कामावर मात्र अर्थ एकच: मध्ये लोड (बल्ब, मोटर असं वीज खाणारं काही) नसताना फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) एकमेकांना भिडले. करंट एकदम वाढतो, फ्यूज उडतो. वायर मध्येच तुटली असेल तर ते ‘ओपन’, म्हणजे अगदी उलट. सिरीज बोर्डावर (तपासायच्या वस्तूच्या वाटेतच एक बल्ब जोडलेला बोर्ड) लावून पाहा: शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, ओपन असेल तर पेटतच नाही. फेज पत्र्याला किंवा मोटरच्या अंगाला टेकला असेल तर ते ‘बॉडी शॉर्ट’.

खरी काळजी वाटते ती ‘अर्थिंग’ची. अर्थिंगची वायर जीव वाचवायला असते. बॉडी शॉर्ट झालं की करंट तिच्यातून जमिनीत जातो. पण शेतावर ‘अर्थिंगवर बल्ब लावलाय’ असं सर्रास ऐकू येतं. तिथे न्यूट्रलच नसतो, जमिनीत सळई ठोकून तिच्यावर काम भागवलेलं असतं. ती वायर सळईपासून सुटली की तिच्या मोकळ्या टोकाला बल्बमधून फेज येतो. माती कोरडी असेल तर सळईलाच शॉक बसतो. आणि पोरं तिला हात लावतात, कारण ‘अर्थिंग आहे, काही होत नाही’. या प्रकाराला अर्थिंग म्हणणं बंद व्हायला हवं, असं मी मनापासून सांगतो.

– डीपीबद्दल माझी भर. ट्रान्सफॉर्मरला कागदावर ‘रोहित्र’, बोलताना मात्र ‘डीपी जळाली’. ट्रान्सफॉर्मर ज्या दोन खांबांवर बसवतात, ती रचना डबल पोल, म्हणून ‘डीपी’. घरातल्या बोर्डावरची डीपी वेगळी: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच, तोही डबल पोलच. म्हणून ‘डीपी बंद कर’ असं फोनवर सांगताना घरातली की खांबावरची, हे आधी विचारून घ्या. खांबावरच्या डीपीला लाइनमननेच हात लावायचा.