मदत हवी आहे: निवडणुकीनंतर मंडळी दुभंगली, आणि आता बाप्तिस्म्याच्या रजिस्टरची मागणी झाली आहे

सर्वांना सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मूळची अमेरिकन मराठी मिशनची. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची चिटणीस आहे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुण आहेत, गेल्याच वर्षी बदलून आले. त्यांच्याशी बोलूनच इथे लिहिते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण प्रश्न खरा आहे आणि रोज छातीवर बसतो आहे.

आमच्याकडे नगरपरिषदेची निवडणूक आठ-नऊ वर्षांनी झाली. प्रभागात आमची घरं बरीच. दोन-तीनशे मतांवर जागा फिरते, त्यामुळे दिवाळीपासूनच "चर्चची मतं किती?" अशी विचारणा सुरू झाली. जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव. एका आघाडीने आमच्याच मंडळीतल्या एका वहिनींना तिकीट दिलं. त्यांचे यजमान रविवारी उपासनेत पेटी वाजवतात. समोरच्या बाजूने शेजारच्या वस्तीतल्या एक बौद्ध ताई उभ्या राहिल्या. आमच्या मंडळीतली निम्मी घरं त्यांच्या मागे गेली, आणि त्यात नवल काही नाही. एक भाऊ ख्रिस्ती, एक बौद्ध अशी कितीतरी घरं आमच्याकडे आहेत. तबला वाजवणारे दादा त्या ताईंच्या प्रचारात पुढे होते.

नोव्हेंबरात एका रविवारी, सूचना चालू असताना, वहिनींच्या आघाडीचे पुढारी चर्चमध्ये आले. कमिटीतल्याच एका सभासदाने वेदीसमोर शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. पुढाऱ्यांनी माइक घेतला आणि दफनभूमीची भिंत आम्हीच बांधणार म्हणून सांगितलं. ती भिंत पडून बरीच वर्षं झाली, डुकरं आत शिरतात, ज्याचं माणूस तिथे आहे त्याचा जीव तुटतो. त्यामुळे टाळ्याही पडल्या. पण अर्धी मंडळी उठून बाहेर गेली. पुढच्या रविवारी दुसऱ्या बाजूने तसाच वेळ मागितला. पाळकसाहेब नाही म्हणाले, आता कोणालाच नाही. झालं, त्या दिवसापासून पाळकसाहेब "त्यांचे" ठरले.

मतदान २ डिसेंबरला झालं आणि मोजणी पुढे ढकलली गेली. त्यामुळे आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, रविवार असेच धुमसत गेले. निकाल लागला २१ डिसेंबरला, तोही रविवार. उपदेश चालू असताना खिशाखिशात मोबाइल थरथरत होते. वहिनी निवडून आल्या. संध्याकाळी आमची काही मुलं डोक्यात गुलाल घेऊनच नाताळच्या गाण्यांच्या सरावाला आली. दुसऱ्या दिवशी गाणाऱ्यांची टोळी घरोघर निघाली, ती तबलजी दादांच्या दारावरून न थांबता पुढे गेली. त्यांच्या आईने करंज्यांचं ताट भरून ओट्यावर ठेवलं होतं. ऐंशीच्या पुढची बाई. तिने कोणत्या पक्षाचं काय केलं होतं?

जानेवारीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर-द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी उपदेश संपताच काही कुटुंबं उठून गेली. दादा उपासनेला येतच नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं नुसत्या पेटीवर चालली आहेत. ज्यांनी ती तबल्यावर ऐकली आहेत त्यांना कळेल मी काय म्हणते आहे.

एवढंच असतं तर काळ औषध म्हणून थांबले असते. पण मागच्या आठवड्यात मंडळीतलेच एक जण घरी आले. वहिनींच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा द्या म्हणाले. जात पडताळणी समितीकडे तक्रार करायची आहे. रजिस्टर माझ्या ताब्यातल्या कपाटात आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती तशीच राहिली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. या सगळ्यात आमच्यातल्या कितीतरी घरांचा दाखला एक सांगतो आणि रविवार दुसरं. मी त्यांना दोष देणार नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने कोणाची जात विसरल्याचं मी पाहिलेलं नाही. पण रजिस्टरमधली नोंद खोटी आहे असंही मी म्हणू शकत नाही, आणि म्हणणारही नाही.

माझे प्रश्न असे:

उताऱ्याचं काय करावं? दिला तर मंडळीच्या पवित्र नोंदीचं हत्यार होतं. नाही दिला तर मी एका बाजूची.

लोक एकमेकांशी बोलत नसताना पाळकांनी प्रभुभोजन द्यावं का? कमिटीत एक मत असं आहे की समेट होईपर्यंत ते थांबवावं.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न. "चर्चमध्ये राजकारण नको" हा ठराव करा म्हणून सगळेच सांगतात. पण तरुण संघाला १० ऑगस्टला काळा दिवस पाळायचा असतो, कारण १९५० चा तो आदेश त्याच तारखेचा. ते राजकारण की आमच्या लेकरांच्या जगण्याचा प्रश्न? दफनभूमीची भिंत हे राजकारण का? रेघ नेमकी कुठे मारायची, ते कोणी अनुभवाने सांगेल का?

प्रतिसाद – काळा_कोट

ताई, आधी उताऱ्याचं बोलतो, कारण तिथे घाईत चूक परवडणार नाही.

मागणाऱ्याला लेखी अर्ज करायला सांगा आणि कमिटीचं उत्तरही लेखी द्या: नोंदीचा उतारा ज्याची नोंद आहे त्यालाच, किंवा सक्षम अधिकाऱ्याने लेखी मागितल्यास त्या अधिकाऱ्याला. तिऱ्हाइताला नाही. हा नियम आजपासून सर्वांना सारखा लावा, उद्या दुसऱ्या बाजूचं कोणी आलं तरी. पडताळणी समितीचं पत्र आलं तर मात्र रजिस्टर दडवू नका. पान फाडा, शाई सांडवा असे सल्ले देणारे भेटतील. तो सरळ गुन्हा आहे आणि तुम्ही आत जाल. कपाटाची दुसरी किल्ली पाळकसाहेबांकडे ठेवा आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो दोघांसमक्ष काढून ठेवा.

वहिनींनाही शांतपणे सांगा की त्यांनी स्वतःचा वकील गाठावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका बाईंच्या प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा मान्य होणार नाही, असा निकाल दिला आहे. वहिनींची परिस्थिती वेगळी असू शकेल, पण त्यांना हे माहीत असायला हवं.

दुसरं, सत्काराचं. धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा १९८८ चा आहे. धर्मस्थळाची जागा, पैसा किंवा धार्मिक समारंभ राजकीय कामासाठी वापरू देणं हा गुन्हा आहे, त्यात स्थानिक निवडणुकाही येतात आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. जबाबदारी व्यवस्थापकांवर येते, म्हणजे तुमच्या कमिटीवर. हे कमिटीत वाचून दाखवा. पाळकसाहेबांनी दुसऱ्या बाजूला नाही म्हटलं ते बरोबरच होतं, याची नोंद इतिवृत्तात करा.

प्रतिसाद – वसईची_वाडी

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्या रीती वेगळ्या. पण तिसऱ्या प्रश्नावर आमच्या वसईचा अनुभव उपयोगी पडेल.

आमच्याकडे हरित वसईची चळवळ झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. हिरवा पट्टा, विहिरींचं पाणी, बिल्डरांची आणि गुंडांची दहशत, या सगळ्यावर ते उघड बोलले, मोर्चात चालले. धमक्याही आल्या. यापेक्षा राजकीय प्रश्न कोणता असणार? पण विहीर आटते ती सगळ्यांचीच आटते, म्हणून त्या लढ्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते, वेगवेगळ्या पक्षांना मतं देणारे होते.

आमच्या चर्चच्या कायद्यात, कॅनन २८७ मध्ये, धर्मगुरूंनी राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये असं आहे. त्याच कलमात न्याय आणि शांती यांच्यासाठी झटायलाही सांगितलं आहे. तुमची रेघ मला तिथेच दिसते. प्रश्न पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या जागेवरून, मांडावा, उमेदवार मांडू नये. भिंत पडली आहे हे पाळकांनी जरूर सांगावं आणि मंडळीच्या सह्यांचं निवेदन नगरपरिषदेला द्यावं. निवडून कोणीही येवो, ते निवेदन बदलत नाही.

एक मात्र सांगते. आमच्याकडेही निवडणुकीत घरं फुटतात. लग्नात दोन चुलत भाऊ वेगवेगळ्या पंगतीला बसलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे तुमचंच काही बिघडलं आहे असं समजू नका.

प्रतिसाद – निवृत्त_पाळक

प्रिय भगिनी, सलाम.

प्रभुभोजन थांबवू नका. बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत "मी पौलाचा", "मी अपुल्लोसाचा" असे तट पडले होते आणि भोजनाच्या वेळीही फूट दिसत होती. पौलाने त्यांना कडक शब्दांत झापलं, पण मेज उचलून ठेवलं नाही. मेज थांबवलं की ते बक्षीस होतं, मग कोण जिंकला यावर भांडण सुरू होतं.

पण तयारीशिवायही देऊ नका. भोजनाच्या आधीच्या आठवड्यात पाळकांनी घरभेटी कराव्यात. पहिली भेट तबलजींकडे, आणि ती दादांसाठी नाही, त्यांच्या आईसाठी. ती बाई उपासनेला येऊ शकत नसेल तर प्रभुभोजन तिच्या घरी न्या, आणि सोबत कमिटीतल्या दोघांना न्या: एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. दोघांनी तिथे बोललंच पाहिजे असं नाही. निवडणुकीचा विषय कोणी काढू नये. मी माझ्या सेवेत हे केलं आहे. दोन वेळा काही झालं नाही, एकदा झालं.

मध्यस्थीची प्रार्थना कागदावर लिहून आणायला सांगा. राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा हे बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे, म्हणून प्रार्थना हुद्द्याने करावी: नगराध्यक्षांसाठी, निवडून आलेल्यांसाठी, हरलेल्यांसाठीही. नाव घेऊन, "आमच्या भगिनीला विजय दिलास" अशी उत्स्फूर्त प्रार्थना उठली की दहा माणसं आमेन म्हणत नाहीत.

तरुण पाळकांना कमिटीने एकटं सोडू नये. लोक पाळकावर राग काढतात कारण तो बदलून जाणार असतो.

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. काळा_कोट, तुमचं उत्तर पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. उताऱ्याचा नियम काल कमिटीत एकमताने झाला. ज्यांनी उतारा मागितला होता ते माझ्याशी बोलत नाहीत, पण नियम वाचून सही त्यांनीही केली.

वहिनींकडे मी गेले होते. त्या रडल्या. म्हणाल्या, तिकीट द्यायला आले तेव्हा कोणी बाप्तिस्म्याचं विचारलं नाही, आता सगळे विचारतात. वकिलाकडे जायला तयार झाल्या आहेत. त्यांच्या नवऱ्याने पेटी सोडतो म्हटलं. मी सोडू नका म्हणाले.

वार्षिक सभेसाठी ठरावाचा मसुदा असा केला आहे: "उपासनेत, सूचनांच्या वेळी व चर्चच्या आवारात कोणत्याही पक्षाचा वा उमेदवाराचा सत्कार, भाषण किंवा प्रचार होणार नाही. उमेदवारी अर्ज भरणाऱ्या किंवा उघड प्रचार करणाऱ्या पदाधिकाऱ्याने निकालापर्यंत आपल्या पदापासून दूर राहावे. दफनभूमी, दाखले, शिष्यवृत्ती, सुरक्षितता अशा समाजाच्या प्रश्नांवर मंडळी निवेदन देईल. ते निवेदन सर्व पक्षांना एकाच दिवशी दिले जाईल." जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी हे झालं पाहिजे. काही राहिलं असेल तर सांगा.

प्रतिसाद – काळा_कोट

मसुदा चांगला आहे. "चर्चच्या आवारात" च्या पुढे "व मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर" एवढं घाला. आणि १० ऑगस्टचा कार्यक्रम तरुण संघाने आवाराबाहेर, रीतसर परवानगी काढून, भाड्याच्या सभागृहात घ्यावा. १९८८ च्या कायद्यातली राजकीय कामाची व्याख्या बरीच रुंद आहे. तक्रारीला जागाच ठेवू नका.