डिकॉयला 'तोतया' म्हणावं का?

अनुस्वार: मोनेरो या व्यवहार लपवणाऱ्या कूटचलनाच्या वॉलेटची मदतपानं मराठीत करतेय. 'रिंगमध्ये १६ सदस्य : १ खरा, १५ डिकॉय.' रिंग म्हणजे खर्चाच्या सहीत एकत्र दाखवलेला गट; डिकॉय म्हणजे त्यातला नेमका कोण खर्च होतोय ते लपवायला घातलेले. डिकॉयला 'तोतया' लिहिलं, तपासणाऱ्याने खोडलं. का?

जोडाक्षर: योग्य केलं. तोतया म्हणजे दुसऱ्याचं नाव सांगत आलेला भामटा, भाऊसाहेबांचा आला होता तसा. हे १५ भामटे नव्हेत. ब्लॉकचेनच्या साखळीवर आधीच नोंदलेली, कुणाची तरी अस्सल आउटपुटं, म्हणजे आधीच्या व्यवहारांतून आलेल्या रकमा आहेत; वॉलेट ती सहीत गोवतं, एवढंच. त्यामुळे '१ खरा'ही चूक. 'खर्च होणारं' लिहा.

वेलांटी: बुजगावणं?

जोडाक्षर: ते पाखरं हाकलतं. इथे गर्दीत मिसळायचंय. 'सोबती' घ्या.

रफार: सोबती मुळीच नको, सोबत टिकेलच असं नाही. मार्च २०१६ आधी रिंगशिवायही खर्च करता यायचा. असं उघड खर्चलेलं आउटपुट दुसऱ्या कुणाच्या रिंगमध्ये आलं की लगेच बाद. पाचातले तीन असे निघाले तर संशय उरतो दोघांवर. म्हणून अपग्रेडगणिक रिंगचा किमान आकार वाढला : ३, मग २०१७ मध्ये ५, २०१८ मध्ये ७. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरसकट ११ सक्तीचे झाले, कारण कुणी हौसेने २३ घेतले तर तो आकडाच त्याची खूण ठरायचा. १६ आले ऑगस्ट २०२२ मध्ये.

अनुस्वार: जुन्या मजकुरात 'मिक्सिन ४' आहे. तेही चारच लिहू?

रफार: मिक्सिन म्हणजे नुसते डिकॉय, त्यात खर्च होणारं आउटपुट धरत नाहीत. रिंग ५ ची.

वेलांटी: हार्ड फोर्कला, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला न चालणाऱ्या नियमबदलाला, 'फाटा' केलंत का? फाटा म्हटलं की दोन्ही रस्ते चालू वाटतात. ठरवून केलेल्या अपग्रेडमध्ये जुना नोड (जुनं सॉफ्टवेअर चालवणारा संगणक) त्या ब्लॉकपाशी थांबतो, पुढे रस्ताच नसतो.

रफार: झेडकॅश या दुसऱ्या कूटचलनामध्ये मात्र 'शाखा' चपखल आहे. २०१८ च्या ओव्हरविंटर अपग्रेडपासून सहीत अपग्रेडगणिक बदलणारा शाखेचा क्रमांक गुंफलेला असतो. अपग्रेडच्या तोंडावर जुन्या क्रमांकाने सही केलेला व्यवहार वेळेत ब्लॉकमध्ये गेला नाही, तर नवे नोड तो नाकारतात. व्यवहाराची मुदत सहसा ४० ब्लॉक. ७५ सेकंदांना एक, म्हणजे ५० मिनिटं. ती संपली की रक्कम मोकळी होते, मग अद्ययावत वॉलेटमधून नव्याने पाठवायची. अशाला 'अडकलेला' म्हणू नका, 'मुदतबाह्य' म्हणा.

जोडाक्षर: मुदतबाह्य औषधं असतात. 'बाद' म्हणा.

रफार: 'बाद' वर आउटपुटांसाठी वापरून झालाय.

अनुस्वार: आणि डिकॉय?

वेलांटी: आधी 'आउटपुटं' की 'आउटपुट्स' ते ठरवा.