रिंगिंगला मराठीत काय म्हणायचं? ('दोलन' सुचवू नका, तिथेच फसलेय)

अनुवादिनी: हायस्पीड ऑप-अँपचं (सिग्नल मोठा करणाऱ्या वेगवान चिपचं) सर्किट नीट चालत नसेल तर काय काय तपासायचं, अशी एक मार्गदर्शिका मराठीत करतेय. एका वाक्यावर गाडी अडलीय, थोडं रिंगिंग (धक्क्यानंतर विरत जाणाऱ्या लाटा) चालेल पण ऑसिलेशन (आपोआप चालूच राहणाऱ्या लाटा) अजिबात नको. मी आधी दोन्हीकडे 'दोलन' लिहिलं होतं. ज्याला खर्डा वाचायला दिला त्याला स्क्वेअर वेव्हच्या (चौकोनी सिग्नलच्या) कडेपाशी तीनचार लाटा दिसल्या, दोलन आहे म्हणून त्याने चांगला आयसी, म्हणजे ती चिपच, काढून टाकला. चूक माझ्या शब्दाची. आता काय लिहू?

जुनाखोड: दोलन चुकीचं नाहीये पण. दोला म्हणजे झोका. एकदा ढकलून सोडलेला झोकाही झोकाच आणि दर फेरीला कुणीतरी ढकलतंय तोही झोकाच. एकाला 'विरतं दोलन', दुसऱ्याला 'अखंड दोलन' म्हणा, झालं. आंदोलनही त्यातलंच, पण ते आता मोर्चेवाल्यांनी नेलं.

मात्रावृत्त: विशेषणं लावत बसण्यापेक्षा नेमका शब्द आहे की आपल्याकडे, अनुरणन! घंटेवर टोल पडून गेल्यावर मागे जो नाद रेंगाळतो तो. काव्यशास्त्रात ध्वनी समजावतानाही हाच दाखला देतात. रिंगिंग म्हणजे तरी दुसरं काय?

डाखवाला: शब्द सुंदर आहे हो, पण बेंचवर बसून कोण म्हणणार अनुरणन? आम्ही 'रिंग मारतंय' म्हणतो, ऑसिलेशन असेल तर 'ऑसिलेट होतंय'. समोरच्याला लगेच कळतं आणि तो बरोबर ठिकाणी हात घालतो. इनपुट ग्राउंड करून (शून्य व्होल्टला जोडून) बघायचं, तरी लाटा चालूच असतील तर ते ऑसिलेशन. मी स्वतः दोन दिवस एका रिंगिंगच्या मागे होतो, फीडबॅकचा रेझिस्टर बदल, आउटपुटला ३३ ओहम सिरीजमध्ये घाल, सगळं करून झालं. शेवटी निघालं काय तर प्रोबची (स्कोपवर सिग्नल बघायला सर्किटला लावतो त्याची) ग्राउंड वायर! १५ सेंटिमीटर वायर म्हणजे साधारण १५० नॅनोहेन्री, प्रोबचे १० पिकोफॅरड, दोघं मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास वाजतात. क्रोकोडाइल क्लिप काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली आणि लाटा गेल्या. सर्किट पहिल्यापासून ठीक होतं. हे तुमच्या मार्गदर्शिकेत सगळ्यात वर घाला, शब्द कुठलाही वापरा.

मात्रावृत्त: बेंचवरचा शब्द आणि छापायचा शब्द एकच असायला हवा असं कुठंय? शब्द वापरलाच नाही तर रुळणार कसा?

डाखवाला: वाचणारा बेंचवरच बसलेला असतो, म्हणून हवा.

अनुवादिनी: प्रोबचं घालते, आभार. पण मग तुमची 'ग्राउंड वायर' मी 'भूसंपर्क तार' केलीय, चालेल ना?

डाखवाला: नको नको! भूसंपर्क म्हणजे अर्थिंग, भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन. सर्किटचं ग्राउंड म्हणजे ज्याला आपण शून्य व्होल्ट धरतो ते, बॅटरीवरच्या सर्किटला जमिनीचा पत्ताच नसतो.

जुनाखोड: अहो पण ग्राउंडचा मूळ अर्थही जमीनच ना? त्यांना चालतं, मग आपल्याला का नाही? 'भू' ठेवा, एक अक्षर, आकृतीतही मावतं.

नवशिका७४१: मध्येच विचारतो, माझं नक्की ऑसिलेशनच आहे. ७४१ (जुना, संथ ऑप-अँप) काढून ओपीए ८४७ (हायस्पीडवाला) लावला, बफर म्हणूनच, इनपुट ग्राउंड केलं तरी थांबत नाही.

डाखवाला: थांबणारच नाही. ओपीए ८४७ हा १२ च्या खालच्या गेनला (सिग्नल जितक्या पट होतो त्याला) स्थिरच नसतो आणि बफर म्हणजे गेन १. ७४१ आतून कॉम्पेन्सेट केलेला (ऑसिलेट होऊ नये अशी सोय आतच असलेला), म्हणून तो बफर करूनही शांत राहतो. युनिटी गेनला, म्हणजे गेन १ ला, स्थिर असलेला पार्ट घ्या, आणि ब्रेडबोर्डवर (डाख न देता पार्ट खोचायच्या पाटीवर) असाल तर आधी तो सोडा, शेजारच्या ओळींतले एकदोन पिकोफॅरडसुद्धा इथे नडतात.

मात्रावृत्त: 'स्थिर' म्हणालात बघा, स्टेबल नाही म्हणालात. म्हणजे रुळतात शब्द.

जुनाखोड: रुळतात तर 'भू' पण रुळेल.

अनुवादिनी: भू वर एकमत होत असेल तर सांगा, आकृत्या आजच पाठवायच्यात. आणि रिंगिंगचं राहिलंच.