व्हिडिओतून फोटो काढताना तुमचं काय काय झालं? सांगा

सुरुवात मीच करतो. आमच्या आजीला फोटोचं भारी वावडं, कॅमेरा दिसला की पदर ओढून आत. गेली तेव्हा भिंतीवर लावायला एक धड फोटो निघेना. मग कपाटात २००४ च्या कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) विसर्जनाची डीव्हीडी सापडली, त्यात आजी डोक्यावर चौरंग घेऊन नाचतीये, दोन्ही हात चौरंगाला म्हणून पदर ओढता आला नाही (हे आत्ता लिहिताना लक्षात आलं). व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये पॉज करून शिफ्ट एस दाबलं, फोटो निघाला, पण चेहऱ्यावर कंगवा फिरवल्यासारख्या आडव्या रेघा. चालू व्हिडिओत एवढं जाणवत नाही, थांबवलं की दिसतं. कोणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा, वर्षश्राद्धाच्या आत फोटो पाहिजे.

भुसावळहून

माझा किस्सा विंडोज एक्सपीच्या काळातला. प्रिंट स्क्रीन दाबून पेंटमध्ये पेस्ट केलं की व्हिडिओच्या जागी काळी चौकट. एकदा तर कहर, पेंटमधल्या त्या चौकटीतच व्हिडिओ चालू! घरचे म्हणे कॉम्प्युटरला लागीर झालं. भानगड ओव्हरलेची होती, म्हणजे तिथे नुसता एक ठरावीक रंग भरलेला असतो आणि ग्राफिक्स कार्ड त्या रंगावर वरून चित्र टाकतं, प्रिंट स्क्रीनच्या हाती फक्त रंग लागतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ओव्हरलेची टिक काढली आणि मिटलं.

धुळ्याहून

मी शिक्षक. प्रयोगांच्या व्हिडिओतून मुलांसाठी चित्रं काढत होतो आणि अचानक शिफ्ट एस चालेना, तीन दिवस की-बोर्डला शिव्या घातल्या. भाचा आला, टूल्समधून प्रेफरन्सेस, तिथून व्हिडिओच्या पानावर गेला आणि हसायला लागला, "मामा, तठे ते फोल्डरच नई शे ना!" मीच कधीतरी सेव्हची जागा पेन ड्राईव्हवर दिली होती आणि पेन ड्राईव्ह शाळेत. ती जागा रिकामी सोडली तर फोटो पिक्चर्सच्या फोल्डरमध्ये पडतात. तिथेच फोटोची फाईल पीएनजी का जेपीजी तेही ठरवता येतं, पीएनजीच ठेवा.

रावेरहून

केळीच्या पानावर ठिपके दिसले, करपा वाटला, म्हणून सालदाराने मोबाईलवर व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपला टाकला. मी त्यातून फोटो काढून जाणकाराला पाठवला तर तो म्हणे हे ठिपके आहेत का चौकोन? बरोबरच होतं त्याचं, पाठवताना व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक ठिपके आधी मरतात. तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून मागवला तर पान स्वच्छ. आणखी एक, स्लायडर ओढून थेट त्या जागी गेलो की कधी कधी अर्धं चित्र करडं, फुटलेलं यायचं. कारण प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण साठवलेली नसते, मागच्या फ्रेमवरून पुढची बनते. म्हणून दहा सेकंद मागे जाऊन चालू द्यायचं आणि मग थांबवायचं.

नंदुरबारहून

ओटीटीवरच्या सिरीयलचा फोटो काढायला गेलो, काळा. तो कॉपी करू नये म्हणून मुद्दाम केलेला बंदोबस्त आहे, बिघाड नाही. सोडून दिलं.

अमळनेरहून

आजीच्या रेघांचं सांगतो, मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचो. त्या काळच्या हँडीकॅमच्या चित्रात सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची, एकात सम रेघा एकात विषम, आणि दोन्ही अर्धे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेले. आजी तेवढ्यात हलली, म्हणून कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटल्या. व्हीएलसीत डी दाबा, डीइंटरलेस म्हणजे या रेघा घालवायची सोय चालू होते, मग फोटो घ्या. ई दाबलं की एक एक फ्रेम पुढे जातं. नाचणारा माणूस वळायच्या आधी क्षणभर थांबतो, तोच फ्रेम धरायचा, नाहीतर रेघा गेल्या तरी चेहरा फाटलेलाच राहतो. आणि मोठ्या फोटोची आशा ठेवू नका, डीव्हीडीचं चित्र ७२०×५७६, म्हणजे ३०० डीपीआयला (छापताना इंचाला ३०० ठिपके) रुंदी जेमतेम अडीच इंच.

पुन्हा मीच

डी दाबलं आणि रेघा गेल्या! अमळनेरवाल्या भाऊंना भरीत-पार्टी लागू. एका गिरकीचे वीसेक फोटो काढले तेव्हा एकात डोळे उघडे आणि मान स्थिर मिळाली. स्टुडिओवाला म्हणाला पाच बाय सातला धूसर येईल, म्हटलं येऊ दे. आला धूसर, पण आजीच आहे. आता काकूचं म्हणणं, चौरंग कापला गेलाय, कानबाई दिसेल असा घे, तो दोन-तीन सेकंद पुढे असेल. कुठल्या मिनिटाच्या पुढे ते मात्र लिहून ठेवलं नाही, आणि फाईलच्या नावात फोटो काढला त्या दिवसाची तारीख-वेळ आहे, व्हिडिओतली नाही. दीड तासाची मिरवणूक पहिल्यापासून बघतोय.