'लिक्विफॅक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: भूकंपावरचा मजकूर मराठीत आणतोय. हादऱ्यांनी जमीन द्रवासारखी वागू लागते त्या 'लिक्विफॅक्शन'ला कोशात 'द्रवीकरण' आहे, पण वायूंसाठीही तोच शब्द. 'जमीन वितळली' चालेल का?

– 'वितळली' नको. वितळायला उष्णता लागते. इथे वाळूचा एक कणही वितळत नाही. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यांनी घट्ट बसू पाहते, पण कणांमधल्या पाण्याला तेवढ्यात निसटता येत नाही. पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकेनासे होतात आणि जमिनीला भार पेलवत नाही. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर एकाच जागी पाय थोपटत राहा: वाळू थलथलते, वर पाणी येतं, टाच रुतते. १९६४ साली जपानमधल्या निगाता इथे इमारती न मोडता अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या होत्या, आणि जमिनीत पुरलेल्या टाक्या वर आल्या होत्या.

वायूचं तसं नाही, तो खरोखरच द्रव होतो. पारदर्शक लायटरमध्ये डुचमळतं ते दाबाखालचं ब्यूटेन. बाहेर पडलं की वायू. पण नुसता दाब दर वेळी पुरत नाही. प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. फॅरडेने १८२३ मध्ये क्लोरीन द्रवरूप केला, हेलियमला मात्र १९०८ उजाडलं. तो उकळतोच उणे २६९ अंश सेल्सिअसला!

– मी दोन शब्द वेगळे ठेवीन. माणूस मुद्दाम करतो ते 'द्रवीकरण', आपसूक होतं ते 'द्रवीभवन'. म्हणजे वायूचं द्रवीकरण, जमिनीचं द्रवीभवन. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर मेलेला भाग पातळ होतो, तेही द्रवीभवनच. दोन्हींतला 'द्रवी'चा दीर्घ ई संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा: आधी जे नव्हतं ते होणं. 'तरलीकरण' मात्र टाळा. हिंदीत तरल म्हणजे द्रव. मराठीत कविता तरल असते.

– पण सामान्य वाचकाला 'द्रवीभवन' जड नाही का जाणार?

– एकदा लिहा आणि पुढे सरळ 'वाळू पातळ झाली' म्हणा. आमटी पातळ होते तेव्हा डाळ वितळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

– 'पातळ झाली' घेतो. शीर्षकात 'जमिनीचं द्रवीभवन'.