संशय हवेतून आलेला नाही

'सगळेच डॉक्टर औषध कंपन्यांचे मिंधे' हे सरसकट बोलणं मला मान्य नाही. पण पेशंटचा संशय हवेतून आलेला नाही. एपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरवलं, की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंच्या खर्चावर कंपनीला करसवलत मागता येणार नाही. निकालात सोन्याची नाणी, फ्रिज, टीव्ही, परदेशवाऱ्या सगळं आलंय, आणि हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत चढतो हेही. म्हणजे तो आपल्याच खिशातून जातो!

औषधांच्या मार्केटिंगसाठीची 2024 ची आचारसंहिता अशा भेटींना मनाई करते, पण तक्रार ऐकणार कोण? औषध कंपन्यांच्याच संघटनेची समिती. मला हे संतापजनक वाटतं. हे बदलेपर्यंत चिठ्ठी हातात आली की बिनधास्त विचारा, "डॉक्टर, यात घटक कोणता? जेनेरिक चालेल का?" चांगला डॉक्टर चिडत नाही, समजावून सांगतो.